ख्याती

डिचोलीच्या बाजारात, मासळीच्या गाळ्यांमागे
उल्हास च्यारींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
मी पणजीहून आलो, किंमत काढायला.
एका कंपनीला हवीय जागा, पाटी
आणि चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं.
च्यारींनाही विकायचंय:
बारीक तार आता दिसत नाही, म्हणाले,
बोटांनी मोजतो वेटोळे.

कॉइल गुंडाळायची यंत्रं दोन, एक हातानं फिरवायचं.
तांब्याची तार, एकशे बारा किलो.
व्हार्निशचा डबा, अर्धा.
कॉइल सुकवायची भट्टी,
जिच्यावर इनास दुपारचं हुमण गरम करतो.
भंगार वेगळं.
इथवर सोपं होतं.

मग ख्याती.
कॉलेजात पाठ केलेलं सूत्र:
सरासरी नफ्यातून वजा करा
तेवढ्याच पैशांवर बँकेनं दिलं असतं ते.
उरेल ती नावाची किंमत.
काही उरेना.
खरं तर शून्याच्याही खाली गेली,
पण तसं लिहीत नाहीत.

सव्वाअकराला नार्व्याहून फोन.
कुळागरातला पंप पाणी ओढत नाही,
मोटार जळली असणार, घेऊन येऊ?
"फोन मोटारीलागीं धर. आनीक लागीं."
च्यारींनी हात वर केला.
इनासची हातोडी हवेत थांबली.
चहाचे ग्लास उचलणारा पोरगा थांबला.
मी कॅल्क्युलेटरवरचं बोट काढलं.

लांब कुठे पोफळींच्या सावलीत
काहीतरी गुळण्या करत होतं.

"मोटार बरी आसा. पाणी खाली गेलंय.
पाइप दोन हात खाली सोड.
हाडूं नाका रे, रिक्षाचं भाडं फुकट जाईल."
पावती नाही.

दिवसभरात असे अकरा फोन.
रिक्षातून चार यंत्रं आली.
दोन साठ-साठ रुपयांत परत गेली.
एक साखळीला धाडलं, शांबाकडे,
"बारीक तारेवर त्याचा हात माझ्याहून बरा."
हा शांबा इथंच सात वर्षं शिकला
आणि जाताना निम्मी गिऱ्हाइकं घेऊन गेला.
राग नाही आला?
"आला की. वर्षभर होता.
मग त्याची भट्टी बिघडली.
ती सुधारायची कशी, ते दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं?"

करारातलं नववं पान मी वाचून दाखवलं.
पाच वर्षं, पंचवीस किलोमीटरच्या आत
हा धंदा करायचा नाही,
त्याबद्दल सल्ला द्यायचा नाही, मोफतसुद्धा.

"सल्ला म्हणजे?"
म्हणजे फोन, मी म्हटलं.

नखांच्या कडेला सुकलेलं व्हार्निश
ते बराच वेळ खरवडत बसले.
बाहेर बांगड्याचा भाव उतरत होता.
"म्हणजे आवाज आला तरी
ऐकायचा नाही."

मी काही बोललो नाही. कागदावर रकाना होता,
त्यात मी शून्य लिहिलं, सूत्राप्रमाणे.
हात तेलकट झाले होते, शून्याला डाग लागला.
दुसरा कागद घ्यायला हवा होता, घेतला नाही.

निघताना च्यारींनी विचारलं,
डॉक्टरला विचारावं तसं, नजर न देता:
"सांगा मग. कुठं बिघडलंय?"

माझ्याकडे चौदा पानांचा अहवाल होता.
मी म्हणालो, "मोटार बरी आहे.
पाणी खाली गेलंय."

ते हसले, इतके की खोकला आला.
इनासनं पाणी दिलं.
ग्लास अजून ओठाशीच होता,
फोन वाजला
आणि त्यांनी हात वर केला.
आम्ही सगळे गप्प झालो.